हिरव्या ठिपक्याची राखण

माणूस बसल्या बसल्या पिवळा पडतो, हे मला पन्नाशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं. कावीळ म्हणत नाहीये मी. कावीळ परवडली! कावीळ झालेल्याला लोक भेटायला येतात, "किती उतरलात हो" म्हणतात, आणि वर सुट्टी मिळते. मी पिवळा पडत होतो तो आमच्या ऑफिसच्या चॅटवर, आणि तिथे पिवळ्या माणसाची कुणी विचारपूस करत नाही. नुसते बघतात.

ज्यांच्या नशिबी हे आलेलं नाही, त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. आमच्या चॅटमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका असतो. तुम्ही माऊस हलवताय, बटणं बडवताय, तोवर तो हिरवा. हात जरा थांबला की पिवळा, आणि त्यावर बाण नेला की लिहून येतं, "जागेवर नाही". आता मला सांगा, मी जागेवर नाही तर कुठे आहे? मी माहितीपुस्तिका लिहितो. तुम्ही मिक्सर आणता, पंखा आणता, त्याच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो, तो तुम्ही न वाचता फेकून देता, तो मी लिहितो. "मिक्सर चालू असताना भांड्यात हात घालू नये." हे वाक्य माझं आहे. आधी ते "हात घालणे टाळावे" असं होतं, आणि "टाळावे" म्हटलं की लोकांना वाटतं जमलं तर टाळू. असल्या गोष्टींवर विचार करावा लागतो. विचार करताना मी माऊस हलवत नाही, पाय हलवतो. पण पायांची दखल घेणारं यंत्र अजून आमच्या ऑफिसने घेतलेलं नाही.

घरून काम करत होतो ते आईमुळे. आई बाथरूममध्ये घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड झकास जुळलं, डॉक्टर म्हणाले आता चालायचं. इथेच सगळं घोडं अडलं. आई म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलची निवृत्त मेट्रन. हयातभर तिने लोकांना पलंगावरून उठवून चालवलं. तिचा आवाज ऐकून भूल दिलेले पेशंटसुद्धा उठून बसायचे, असं तिच्या हाताखालच्या नर्सेस अजून सांगतात. आणि ती स्वतः मात्र पलंगाच्या कडेशी येऊन थांबायची. पाय जमिनीला टेकले की चेहरा उतरायचा. भीती बसली होती तिच्या मनात, आणि भीती वाटते हे कबूल करणं तिच्या रक्तात नव्हतं. "मला कसली भीती? सध्या मूड नाही," म्हणायची. पलंगाशेजारी वॉकर उभा केला होता, त्यावर ती टॉवेल वाळत घालायची.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "हात धरून दर तासाला खिडकीपर्यंत न्या आणि परत आणा. त्या आपणहून उठल्या की तुम्ही सुटलात. पण तोवर घरात कुणीतरी हवंच. आत्ता कंटाळा केलात तर कायमच्या पलंगाला खिळतील." बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, आणि लोकांचं रक्त घरबसल्या काढता येत नाही. कामाला बाई ठेवून पाहिली. आईने पहिल्याच दिवशी तिला चादरीचे कोपरे कसे दुमडायचे ते शिकवायला घेतलं. दुसऱ्या दिवशी बाई आली नाही. म्हणजे राहता राहिलो मी.

साहेबांनी परवानगी दिली. साहेब नवे होते, माझ्यापेक्षा बरेच तरुण, आणि त्यांच्या डोक्यात सतत काहीतरी शिजत असायचं. म्हणाले, "खुशाल घरून करा हो! माझा माझ्या माणसांवर पूर्ण विश्वास आहे. फक्त ठिपका हिरवा दिसला पाहिजे. सारखा पिवळा दिसायला लागला की मग मात्र दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात." विश्वासाला रंग असतो हे मला तेव्हा कळलं.

आता अडचण अशी, की आईला खिडकीपर्यंत नेऊन आणायला लागणारा वेळ आणि त्या ठिपक्याचा धीर यांचा मेळ काही केल्या बसेना. माझं टेबल बाहेरच्या खोलीत, आईचा पलंग आतल्या खोलीत. आई एक पाऊल टाकायची आणि थांबायची. थांबली हे दिसू नये म्हणून काहीतरी शेरा मारायची. "हे कपाट शेवटचं कधी पुसलं होतं?" आणखी एक पाऊल. "पडदा उलटा लावलाय." ही तपासणी चालू असताना बाहेर टेबलावर ठिपका पिवळा व्हायचा, आणि परत जाऊन बघावं तर साहेबांचा निरोप, "आहात ना?" पुढे एक हसरं तोंड. त्या हसऱ्या तोंडाची मला धडकी भरायला लागली. मग मी आईला खिडकीच्या गजांना धरून उभं करायचो, धावत बाहेर जायचो, माऊस गदागदा हलवायचो आणि धावत परत यायचो.

"तू मला चालवतोयस की शिवाशिवी खेळतोयस?" आई म्हणाली.

"आई, नोकरीचा प्रश्न आहे गं."

"अस्सं? मग मी इथेच उभी राहते. तुझा ठिपका बरा झाला की ये."

सरळमार्गी माणूस म्हणून आधी सरळ मार्ग धरला. त्या चॅटमध्ये "स्थिती लपवा" असं बटणच होतं! ते दाबलं की तुम्ही हलताय की बसलाय, कुणालाच कळत नाही. मी दाबलं. दबेना. मग आमच्या संगणक विभागाला फोन लावला. आमचा संगणक विभाग म्हणजे एक तरुण, ज्याला सगळे "बंद-चालू" म्हणतात, कारण कुठल्याही दुखण्यावर तो एकच औषध देतो. पण त्या दिवशी त्याने ते दिलं नाही.

"सर, ते बटण दिसतं सगळ्यांना, पण त्याला मंजुरी लागते. विनंती टाका."

विनंती टाकायला गेलो तर तिथे कारण निवडायचं होतं. प्रसूती, दाताचं दुखणं, परदेश दौरा आणि इतर. मी "इतर" निवडलं. तर खाली उगवलं, "वरिष्ठांची संमती जोडा".

"अहो, म्हणजे साहेबांपासून लपण्यासाठी साहेबांचीच संमती घ्यायची?"

"हो सर. सिस्टीमच तशी आहे."

मी विनंती मागे घ्यायची ठरवली. तर मागे घेण्यासाठीही कारण निवडायचं होतं. वैतागून "दाताचं दुखणं" दाबलं आणि सुटलो असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ-बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "दाढ कशी आहे आता?" त्यानंतर बैठक संपेपर्यंत मी गाल धरून बसलो होतो. पुढच्या बैठकीत कुठला गाल धरला होता ते आठवेना, म्हणून दोन्ही धरले.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेले. आईची विचारपूस करायला येतो असं सांगून ते रोज चहाला यायचे आणि चहा संपेपर्यंत सल्ला द्यायचे. माझी हकीकत त्यांनी फार गंभीरपणे ऐकली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "अरे बाबा, यंत्राला माणसाने कधी फसवायला जाऊ नये. यंत्राला यंत्रच फसवू शकतं. घरात मान फिरवणारा पंखा आहे का?"

होता. काकांनी स्वतः दोरी मागवली, माऊस त्या पंख्याच्या जाळीला लोंबता बांधला, खाली एक जाड पुस्तक ठेवलं आणि पंखा सुरू केला. पंखा डावीकडे वळला की माऊस पुस्तकावरून डावीकडे घसटत जायचा, उजवीकडे वळला की उजवीकडे. ठिपका हिरवागार! इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या पंख्याची माहितीपुस्तिका मी लिहिलेली आहे. तिच्यात ठळक अक्षरांत छापलंय, "पंख्याच्या फिरत्या भागास कोणतीही वस्तू बांधू नये." पण माहितीपुस्तिका कुणीच वाचत नाही, आणि लिहिणारा तर मुळीच नाही.

मी निवांतपणे आईला खिडकीशी नेलं. तिला बाहेरची झाडं दाखवली, गप्पा मारल्या, आणि मोठ्या ऐटीत परत येऊन बघतो तर काय! हिशेब विभागातल्या एका गृहस्थांनी चॅटवर सगळ्यांना कळवलं होतं की त्यांचे सासरे वारले. खाली लोकांनी हात जोडले होते, फुलं वाहिली होती. आणि माझ्या माऊसने, झोक्याला पुस्तकाची कड लागून बटण दाबलं जात असल्यामुळे, तिथे खदखदून हसणारं तोंड लावलं होतं. नुसतं लावून थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पंखा डावीकडे गेला की हसू लागायचं, उजवीकडे गेला की निघायचं. मी अर्धा तास सासऱ्यांच्या निधनावर मधूनमधून हसत होतो.

लगेच फोन केला. "माफ करा हो, माऊस बिघडलाय माझा."

ते हळूच म्हणाले, "असू द्या. तुम्ही उघड हसलात, एवढाच फरक."

पंखा गेला. मग बायकोच्या भावाचा फोन आला. या मेहुण्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं त्याचं स्वतःचं ठाम मत आहे. माऊसवर नव्हे, बटणावर लक्ष द्या, म्हणाला. "कुठलंही एक बटण दाबून ठेवा. वर वजन ठेवा. जगात कुणाला कळणार नाही." मी आईच्या औषधाची बाटली उचलली आणि "ह" च्या बटणावर ठेवली. "ह" च का, ते विचारू नका, बाटली तिथेच नीट बसली. आणि आईला घेऊन चाललो खिडकीकडे. पडद्यावर साहेबांशी चाललेलं बोलणं उघडंच होतं, आणि त्यांनी नेमकं तेव्हाच विचारलं होतं, की इस्त्रीच्या पुस्तिकेत पान उलटं छापलं गेलंय, याला जबाबदार कोण. लिहायची चौकट भरली की निरोप आपोआप जातो, त्यामुळे उत्तरादाखल माझ्याकडून पानंच्या पानं "ह" जात होते. मी परत आलो तेव्हा त्यांनी खाली लिहिलं होतं, "यात हसण्यासारखं काय आहे?"

झालं! ऑफिसात माझी अशी ख्याती पसरली की हा माणूस कुणी मेलं की हसतो, काही चुकलं की हसतो, घरी बसून याच्यावर परिणाम झालाय. बायको लॅबमधून आली तेव्हा मी डोक्याला हात लावून बसलो होतो.

"अहो, एवढं लपवण्यापेक्षा साहेबांना सरळ सांगा ना, की आईंना चालवायला उठतो म्हणून."

"आणि ते म्हणाले, मग तुमचं मन कामात नाही, उद्यापासून ऑफिसात या, तर? आईला कोण चालवणार? आपण दोघं संध्याकाळी उगवणार, तोवर ती दिवसभर पलंगावर छताकडे बघत पडणार. महिनाभरात पाय आखडतील तिचे!" माझा आवाज चढला. मला खरंच रडू यायला लागलं होतं.

आतून आई म्हणाली, "मी बहिरी झालेले नाही अजून."

शेवटी मेहुण्याने एक चकती पाठवली. छोटीशी, गोल, विजेवर चालणारी. तिच्यावर माऊस ठेवायचा, चकती हळूहळू फिरते, आणि माऊसला वाटतं आपणच हिंडतोय. मी तिच्याकडे साशंक नजरेने पाहिलं, पण काय सांगू, तिने कमाल केली! ना कुणाच्या सासऱ्याला हसली, ना एक अक्षर उमटवलं. ठिपका असा हिरवा, की जणू पानच. आई आणि मी खिडकीपाशी हवं तेवढं उभे राहायला लागलो. आता तिची पावलं जरा लांब पडत होती, शेरे कमी झाले होते. पण हात मात्र ती सोडत नव्हती. मी जरासा सैल केला की तिची बोटं गच्च आवळायची.

आणि या सगळ्या सुखात मी एक गोष्ट विसरलो. चकती बंद करायला. मी जेवत होतो तेव्हा ती फिरत होती, झोपलो होतो तेव्हा फिरत होती, सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळे लोळत होतो तेव्हाही ती इमानेइतबारे फिरत होती. सोमवारी साहेबांचा फोन.

"काय माणूस आहात तुम्ही!" साहेबांचा आवाज चक्क भरून आला होता. "मी शनिवारी बघितलं, हिरवे. रविवारी जेवताना बघितलं, हिरवे! आमच्या घरचे म्हणतात, त्या बिचाऱ्याला जरा आराम करू द्या. आणि मी तुमच्याबद्दल काय काय समजत होतो!"

मी "नाही हो, कसचं कसचं" असं काहीतरी पुटपुटलो. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं. इतकी वर्षं मी मिक्सरमधून लोकांची बोटं वाचवली, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"ते काही नाही. तुमचा सत्कार करायचाय. गुरुवारी ऑफिसात या. सगळ्यांसमोर बोला, सतत हिरवं कसं राहावं यावर. मागे मोठ्या पडद्यावर सगळ्यांचे ठिपके लावणार आहे मी. तुमचा झळकेलच! आणि घरून कामाची सवलत तुमची त्याच दिवशी वर्षभरासाठी वाढवून टाकतो."

वर्षभर! वर्षभरात आई नुसती चालली काय, पळाली असती. मी हो म्हणून टाकलं. ऑफिसातल्या बाकीच्यांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं, कारण साहेबांनी प्रत्येकाला माझं उदाहरण द्यायला सुरुवात केली होती.

गुरुवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी आलो तर चकती मरायला टेकलेली. दिवसरात्र फिरून फिरून बिचारीचा दम संपत आला होता. एकदा घरघरली आणि थांबली. ठिपका माझ्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. तिकडे पडद्यावर सगळ्यांचे ठिपके झळकणार, आणि सत्कारमूर्तीचाच पिवळा? सवलत तर गेलीच, वर शोभा होणार ती वेगळी!

"मी आहे ना!" काका म्हणाले. आईपाशी थांबायला ते येणारच होते. "तू निर्धास्त जा. ठिपक्यावर डोळा ठेवीन, पिवळा व्हायच्या आत हलवीन. उभी हयात लिफ्टचे दिवे बघण्यात गेलीय माझी."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, माऊस कसा, किती, कुठे हलवायचा ते दोनदा समजावलं. बायकोने लॅबला जाता जाता तेच तिसऱ्यांदा समजावलं. आई आतून सगळं बघत होती, तीही म्हणाली, "झोपू नका म्हणजे झालं." म्हणजे बघा, चार मोठी माणसं, त्यात एक माजी मेट्रन, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की मी जर तिकडे ऑफिसात सगळ्यांसमोर उभा असणार, तर माझा ठिपका पिवळाच असायला हवा! मला आजही या गोष्टीचं नवल वाटतं. ठिपका हिरवा ठेवायचा एवढंच आमच्या डोक्यात बसलं होतं, कशासाठी ते केव्हाच गळून पडलं होतं.

ऑफिसात सभागृह भरलेलं. साहेबांनी माझ्या गळ्यात हार घातला, मागचा पडदा उजळला, आणि त्यावर सगळ्यांच्या नावांची रांग. सगळे लोक सभागृहात बसलेले असल्यामुळे खालपर्यंत पिवळेच पिवळे. साहेबांचा लॅपटॉप तिथेच कोपऱ्यात त्यांच्या टेबलावर नुकताच वापरलेला, म्हणून त्यांचा हिरवा. आणि माझा हिरवा. मी समाधानाने एकदा मागे वळून पाहिलं आणि बोलायला लागलो.

"हिरवेपणा हा आतून यावा लागतो," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. साहेबांनी मान डोलावली. मला स्फुरण चढलं. "काम हे श्वासासारखं असावं. आपण श्वास कधी थांबवतो का?" पुन्हा टाळ्या. असं मी बराच वेळ वाट्टेल ते बोललो. तेवढ्यात मागच्या रांगेतून बंद-चालू उभा राहिला.

"सर, एक शंका आहे."

"विचार, विचार," मी मोठ्या मनाने म्हणालो.

"तुम्ही इथे उभे आहात."

"हो."

"तुमचा लॅपटॉप कुठे आहे?"

"घरी," म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला ते समजलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती अशीच सरकत असावी. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं, मग पडद्याकडे बघत होतं, मग परत माझ्याकडे. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. मी हाराशी चाळा करत तोंड उघडलं, आणि मागे पडद्यावर माझ्या नावाखाली अक्षरं उमटली. "टाइप करत आहे".

मी तिथे हार घालून उभा, आणि तिकडे मी टाइप करतोय. बराच वेळ करतोय. काका हे काय करून बसले? मग सगळ्यांच्या चॅटवर निरोप पडला.

"नमस्कार. मी ह्याची आई."

सभागृहात खसखस पिकली. पुन्हा "टाइप करत आहे". आई एका बोटाने टाइप करते, आणि विरामचिन्ह सोडत नाही.

"वरच्या मजल्यावरचे काका खुर्चीत झोपले आहेत. खूप हाका मारल्या, उठत नाहीत. जवळ येऊन नाडी बघितली, उत्तम आहे. ठिपका पिवळा होत होता, म्हणून हलवायला मी आले."

लोक पोट धरून हसत होते. मला काही ऐकू येत नव्हतं. मी त्या शेवटच्या दोन शब्दांकडे बघत राहिलो. आले म्हणजे कुठून आले? पलंगावरून? खिडकीच्या पल्याड, दार ओलांडून, बाहेरच्या खोलीत? कुणाचा हात धरून?

"आई! धरलं कुणी तुला?" मी पडद्याकडे तोंड करून ओरडलो. तिला ऐकू जाणार नाही हे मला कळत होतं, पण राहवलं नाही.

पडद्यावर अक्षरं उमटत होती. "वॉकर घेऊन आले. कुणाला धरलं नाही. त्याला म्हणावं, घाबरू नको, आता दुसऱ्या खुर्चीत बसले आहे." आणि जरा वेळाने, "साहेब, तुमचा ठिपका पिवळा झाला आहे. बराच वेळ हालचाल दिसली नाही. एका जागी फार बसू नये, रक्त साकळतं. उठून चार पावलं चाला."

सगळ्यांनी वर बघितलं. साहेबांचा ठिपका खरंच पिवळा झाला होता, माझं भाषण ऐकता ऐकता. आणि काय सांगू, आमचे साहेब ताडकन उठले, धावत आपल्या टेबलाशी गेले आणि सगळ्यांसमक्ष त्यांनी माऊस हलवला! मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. सभागृहात असा काही हशा झाला, की हिशेबवाल्या गृहस्थांना पाणी द्यावं लागलं. साहेब लालबुंद होऊन माझ्यासमोर आले.

"उद्यापासून ऑफिसात! रोज!" ते ओरडले. "सवलत बंद!"

ज्या वाक्याच्या भीतीने मी पंख्याला माऊस बांधला, दोन्ही गाल धरून बैठका केल्या, माणसं दुखावली, ते वाक्य शेवटी आलं होतं. आणि मला इतका आनंद झाला होता, की मी त्यांचे दोन्ही हात धरून हलवले.

"येतो सर! उद्यापासून येतो, रोज येतो! आई चालली ना, सर, एकटी चालली! आता मी कुठेही येईन!" माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. साहेबांनी हात सोडवून घेतले आणि म्हणाले, "मग आत्ता जा तरी घरी."

मी हारासकट पळालो. जिने चढताना दम लागला तरी थांबलो नाही. दार ढकललं, तर बाहेरच्या खोलीत काका उभे होते, एक पाय हवेत आखडलेला, खुर्चीत वेडेवाकडे झोपल्यामुळे दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या. भिंत धरून ते कण्हत होते, आणि त्यांच्या मागे वॉकर घेऊन आई.

"टाका, टाका पाय! काही होत नाही! कपाटाकडे बघायची गरज नाही, ते पुसलेलं नाही मला माहितीये. पुढे बघा!" तो आवाज मी लहानपणी हॉस्पिटलच्या वॉर्डात ऐकला होता. त्यानंतर आजच ऐकत होतो. मी दारातच उभा राहिलो.

तिने माझ्याकडे पाहिलं, गळ्यातल्या हाराकडे पाहिलं, आणि वॉकर एक पाऊल पुढे टाकला.

"दारातून बाजूला हो," ती म्हणाली, "पेशंट चालतोय."